सत्तर सेंटिमीटर

क्लाइव्ह टिंडल सकाळी उठला की चहाच्या आधी भिंत बघायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती समोरच दिसायची. बारा खांब, खांबांच्या पाठीशी आडव्या फळ्या, आणि फळ्यांच्या पाठीशी शेजारच्या फालेनिकोचं अख्खं अंगण. फालेनिकोचं अंगण वर, टिंडलांचं घर खाली. वेलिंग्टनच्या टेकड्यांवर प्रत्येकाच्या डोक्यावर कुणाचं ना कुणाचं अंगण असतंच, त्यात विशेष काही नाही. भिंत जागेवर आहे याची खात्री झाली की क्लाइव्ह किटली लावायचा, आणि पाणी उकळलं की पुन्हा एकदा बघायचा, कारण तेवढ्या तीन मिनिटांत काहीही होऊ शकतं.

"लग्नात माझ्याकडेही इतकं बघितलं नव्हतंस," त्याची बायको ग्लेनिस म्हणाली.

"चांगली झालीये ना भिंत?"

"झालीये की. मी कुठे नाही म्हणतेय? पण कप भरून वाहतोय तुझा."

ग्लेनिसला वाटायचं नवऱ्याला भिंतीचा अभिमान आहे. फालेनिकोलाही तसंच वाटायचं. पण क्लाइव्हच्या पोटात जे होतं तो अभिमान नव्हता, ती शुद्ध भीती होती. ती भिंत आज ना उद्या पडणार, हे साऱ्या टेकडीवर त्याला एकट्याला माहीत होतं.

त्याचं असं झालं. जुलैच्या पावसात वरच्या अंगणाची कड घसरली आणि ग्लेनिसच्या कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून थांबली. कोंबड्या वाचल्या, पण त्यांनी महिनाभर अंडी दिली नाहीत. कंत्राटदार येऊन बघून गेला आणि पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत वेळ नाही म्हणाला. तेव्हा फालेनिकोने क्लाइव्हच्या खांद्यावर हात ठेवला. फालेनिको सामोआचा, शहर बस चालवायचा, आणि त्याच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाळकांचा मदतनीस होता. त्याचा हात खांद्यावर पडला की माणूस दोन बोटं खचायचा.

"भाऊ, आपणच बांधू," तो म्हणाला. "हद्द दोघांची, भिंत दोघांची. तू वाचणारा माणूस, मी उचलणारा माणूस. आणखी काय लागतं?"

क्लाइव्ह वाचनालयात कामाला होता, त्यामुळे वाचणारा हे खरंच होतं. त्याने संरक्षक भिंतीवरची पुस्तिका आणली. दीड मीटरच्या आत उंची असेल आणि वर जड काही ठेवणार नसाल तर नगरपालिकेची परवानगी लागत नाही, म्हणून भिंत एक मीटर पंचेचाळीसची ठरली. खांब जेवढा वर, तेवढाच जमिनीत, असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत होतं. खांब बारा. सहा फालेनिकोचे, सहा क्लाइव्हचे.

एकत्र खणायचं मात्र जमेना. क्लाइव्ह सोमवार ते शनिवार वाचनालयात. त्याला मोकळा फक्त रविवार. आणि रविवारी फालेनिकोच्या घरात फावड्याला हात लागत नसे. सकाळी नऊला सगळं कुटुंब पांढरेशुभ्र कपडे घालून चर्चला जायचं ते दुपारी यायचं, जेवायचं, झोपायचं आणि संध्याकाळी पुन्हा जायचं. फालेनिकोची सुट्टी बुधवारी. "मी बुधवारी माझे खणतो, तू रविवारी तुझे खण," तो म्हणाला. "तू आमच्यातला नाहीस, तुला चालतं. मी तुझ्यासाठी तिकडे दोन शब्द टाकेन."

पहिल्या बुधवारी संध्याकाळी क्लाइव्ह कामावरून आला तर फालेनिकोचे सहाही खांब उभे, काँक्रीट ओतलेलं, मातीसुद्धा झाडून घेतलेली.

"खडक लागला का रे?" क्लाइव्हने विचारलं.

"लागला थोडा," फालेनिको आभाळाकडे बघत म्हणाला. "पण बसले सगळे. देवाची कृपा."

रविवारी क्लाइव्हने पहार उचलली. चाळीस सेंटिमीटरवर ती ठण्ण करून वाजली आणि त्याच्या दातांपर्यंत झिणझिण्या आल्या. करडा, कठीण खडक. दुपारपर्यंत ठोकून ठोकून तो सत्तरपर्यंत पोचला. पुस्तिकेप्रमाणे अजून पाऊण मीटर बाकी होतं, आणि हा पहिलाच खड्डा. सत्तावन्न वर्षांच्या पाठीने तिथेच हात टेकले. फालेनिकोला सांगायचं, तर त्याने एका बुधवारात सहा खड्डे मारलेत. त्याच्यापुढे जाऊन 'मला एकही जमला नाही' म्हणायचं कोणत्या तोंडाने? क्लाइव्हने इकडेतिकडे पाहिलं. वरचं घर सामसूम होतं. त्याने करवत आणली आणि खांबाचं खालचं टोक कापून टाकलं. दोन रविवारांत सहा खड्डे, सगळे सत्तर. वरून काँक्रीट पडलं आणि कुणाच्या बापाला कळणार नाही असं झालं.

त्याला एकच धीर होता. उरलेले सहा फालेनिकोचे होते. अर्धी भिंत तरी खरी आहे आणि ती दुसऱ्या अर्ध्या भिंतीला धरून ठेवील, असं तो स्वतःला समजावायचा. आठवडाभर ते पटलंही.

मग पाण्याची टाकी आली.

भूकंपासाठी प्रत्येक घराने पाणी साठवावं, म्हणून फालेनिकोने हिरवी टाकी आणली, आणि ती अंगणाच्या कडेला, बरोब्बर क्लाइव्हच्या खांबांच्या वर ठेवली.

"तिकडे ठेव ना," क्लाइव्हने खालून हाक दिली. त्याचा आवाज त्यालाच चिरका वाटला. "तुझ्या खांबांकडे. तिकडे जागा आहे भरपूर."

"छे! पन्हाळीचं पाणी इकडेच पडतं."

"पुस्तिकेत लिहिलंय, वर जड काही ठेवायचं नाही!"

"अरे, टाकी म्हणजे जड का? तुझ्या हातची भिंत आहे भाऊ, हत्ती ठेवला तरी हलायची नाही," असं म्हणून फालेनिकोने टाकीवर थाप मारली. त्या थापेने क्लाइव्हचं काळीज हललं. भिंत हलली की नाही ते त्याला नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पाणसळ काढली आणि प्रत्येक खांबाला उभी लावून पाहिली. नळीतला बुडबुडा मधल्या दोन रेषांत असायला हवा. तो डावीकडच्या रेषेला चिकटला होता. क्लाइव्हच्या तोंडचं पाणी पळालं. मग रोज सकाळी चहाच्या आधी भिंत बघणं, आणि चहानंतर बुडबुडा बघणं, हा नेम झाला. बुडबुडा कधी रेषेच्या आत, कधी किंचित बाहेर. ज्या दिवशी बाहेर असेल त्या दिवशी क्लाइव्हला वाचनालयात लोक पुस्तकं परत द्यायला येत ती कुठली ते कळत नसे.

टाकीमागून मोठा फ्रीझर आला. "इकडे सावली असते," फालेनिको म्हणाला. फ्रीझरमागून दगड आले, काळे, कलिंगडाएवढे, उमू लावायचे. जमिनीवर दगड लाल होईपर्यंत तापवून त्यावर डुक्कर आणि अळकुड्या भाजायच्या, तर दगड हवेतच. तेही क्लाइव्हच्याच टोकाला रचले गेले. "धूर तिकडून बाहेर जातो," फालेनिको म्हणाला. क्लाइव्हने विचारलं, एवढं सगळं कशासाठी?

"विसरलास? मालियाला एकविसावं लागतंय! महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. ऑकलंडहून माझे भाऊ येणार, आपियाहून आत्या येणार, चर्च सगळं येणार. साठ माणसं धर. सत्तर."

सत्तर म्हटल्यावर क्लाइव्हने भिंतीला हात टेकला आणि लगेच काढून घेतला.

मालिया फालेनिकोची एकुलती एक मुलगी. विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती, आणि शिकत काय होती, तर स्थापत्य अभियांत्रिकी. गेले चार आठवडे क्लाइव्ह तिला टाळत होता. ती दिसली की तो कोंबड्यांत शिरायचा. पण एके दिवशी तिने त्याला पाणसळीसकट गाठलंच.

"क्लाइव्ह काका, मस्त झालीये हो भिंत. तुमचे खांब किती खोल गेलेत?"

"पुस्तिकेत आहे तेवढे," क्लाइव्ह म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"हो का? वा!" मालिया म्हणाली, आणि हसून वर निघून गेली. त्या हसण्याने क्लाइव्हची दोन रात्रींची झोप गेली.

शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जड असते, हे क्लाइव्हने वाचनालयातल्या तीन पुस्तकांत वाचलं आणि तिन्ही पुस्तकं परत फळीवर मागे ढकलून ठेवली. गुरुवारी मांडवाचा सांगाडा आला. नोव्हेंबरातला वारा मांडव उडवून नेऊ नये म्हणून त्याच्या पायांना बांधायला निळी पिंपं आली, आठ, प्रत्येकात दोनशे लिटर पाणी. ती आठही क्लाइव्हच्या टोकाला ओळीत लागली. "वारा उत्तरेकडून येतो ना," फालेनिको म्हणाला. क्लाइव्हने मनात गुणाकार करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला.

त्या संध्याकाळी तो वरची पायरी न् पायरी मोजत चढला. सांगून टाकायचं, असं ठरवून चढला. माणसांचा जीव आहे, आपली लाज गेली तर गेली. दारातच फालेनिकोने त्याला मिठी मारली.

"आलास? मी तुझ्याकडेच येत होतो. शनिवारी तू माझ्या शेजारी बसायचंस. पाळकांच्या ओळीत. मालियाचा काका म्हणून. माझा भाऊ भावासारखा वागला नाही एवढा तू वागलास, हे मी सगळ्यांपुढे सांगणार आहे. काय काम होतं?"

"काही नाही," क्लाइव्ह म्हणाला. "सहज." बावीस वर्षं त्या टेकडीवर राहून त्याला मिळालेला हा एकच मित्र होता. आणि शनिवारी तो मित्र, त्याची मुलगी आणि पाळक, सगळे त्या सत्तर सेंटिमीटरवर उभे राहणार होते.

खाली आला तर ग्लेनिस खुशीत होती. "फालेनिकोची लेआता आत्ताच येऊन गेली, मालियाच्या वाढदिवसाच्या गडबडीत आहे बिचारी. मुलांना बसायला वर जागा पुरत नाहीये म्हणाली, तर मी म्हटलं, आमचं अंगण आहे की! भिंतीच्या पायथ्याशी वारा लागत नाही. पंचवीस मुलांची टेबलं मस्त बसतील."

क्लाइव्ह खुर्चीवर बसला. खरं तर खुर्ची मागे होती म्हणून बसला.

"तुला बरं वाटत नाहीये का?"

"मुलं घरात बसवू."

"पंचवीस? आपल्या घरात? उन्हाचं?"

शनिवार उजाडला तो लख्ख उन्हाचा आणि सोसाट्याच्या वाऱ्याचा. क्लाइव्हने वाचनालयातून रजा घेतली होती आणि पहाटेपासून अकरा वेळा बुडबुडा पाहिला. बुडबुडा बाहेर होता. दुपारी वर मांडवाखाली सत्तर माणसं जमली, खाली भिंतीला लागून पंचवीस मुलं. पाळकांनी जेवणाची प्रार्थना केली. भाजलेलं डुक्कर आलं, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आली. क्लाइव्ह मानाच्या ओळीत बसून हळूहळू चावत होता, आणि बसल्या जागेवरून कान लावून भिंतीचा आवाज ऐकत होता. एकदा करकर झाली. ती आत्याबाईंची खुर्ची निघाली.

मग मालिया उठली. अंगावर बारीक विणीच्या चटईचा पोशाख, डोक्यावर पिसांचा मुकुट. आता तिचा नाच. आणि सामोआच्या घरात मुलगी नाचायला लागली की पाहुणे बसून राहत नाहीत; भोवती उड्या मारतात, आरोळ्या ठोकतात, जमिनीवर पाय आपटतात. तिचे ऑकलंडचे चार काका शर्टाच्या बाह्या वर सारायला लागले. चौघांत मिळून एक बस भरली असती.

क्लाइव्हने फालेनिकोला दंडाला धरलं आणि फ्रीझरमागे ओढत नेलं. बसचालकाला ओढणं त्याला कसं जमलं, ते त्यालाही नंतर कळलं नाही.

"नाच थांबव."

"काय?"

"थांबव! माझे खांब... माझे खांब दीड मीटर नाहीत. खडक लागला. सत्तरच आहेत. मी कापले. सहाच्या सहा कापले. तुला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. खाली मुलं आहेत फालेनिको. मला काय म्हणायचं ते नंतर म्हण, पण आधी ही माणसं हलव."

क्लाइव्हला वाटलं, आता हा हात उगारणार, आणि त्याने डोळे मिटून घेतले. हात पडला नाही. डोळे उघडले तर फालेनिको उरलेल्या दगडांच्या ढिगावर बसला होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"सत्तर?" तो म्हणाला. "सगळे?"

"सगळे."

"आणि मी सगळं सामान तुझ्या टोकाला ठेवलं."

"ते तर मी म्हणतोय! का ठेवलंस?"

"कारण तुझे खांब चांगले म्हणून!" फालेनिको घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तू पुस्तक वाचून काम करणारा. म्हटलं, जे काही जड आहे ते याच्या बाजूला असू दे. माझे साठ आहेत."

क्लाइव्हला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि गेले पाच आठवडे ज्या सहा खांबांना धरून तो झोपत होता, ते सहाही एकदम निघून गेले.

"तू म्हणालास, देवाची कृपा!"

"मग? साठपर्यंत गेले, ती कृपाच होती," डीकन म्हणाला, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "साऱ्या चर्चला सांगितलंय मी, दीड मीटर खणले म्हणून. देवाच्या घरात उभं राहून सांगितलंय."

ढोल वाजला. चार काका एकदम उडाले आणि एकदम खाली आले. फ्रीझरचं झाकण खडखडलं.

"काहीतरी कर," क्लाइव्ह म्हणाला.

सामोआच्या माणसांना ऐन नाचात थांबवणारी गोष्ट एकच आहे, आणि फालेनिकोला ती येत होती. तो मांडवाच्या मध्यभागी गेला, दोन्ही हात वर केले आणि आपल्या बस थांबवायच्या आवाजात म्हणाला, "आपण प्रार्थना करू या!"

ढोल थांबला. माना खाली गेल्या, डोळे मिटले. पाळकांनी अर्धा क्षण डोळे उघडून डीकनकडे पाहिलं, कारण प्रार्थना एकदा झाली होती; पण प्रार्थनेला नको कसं म्हणणार? त्यांनीही मान खाली घातली. फालेनिकोने मालियासाठी आभार मानले. मालियाच्या आजीआजोबांसाठी मानले. त्यांच्या आजीआजोबांसाठी मानले. मधून मधून तो एक डोळा उघडून क्लाइव्हकडे बघत होता, आणि त्या डोळ्यात 'लवकर' एवढंच होतं.

क्लाइव्ह चवड्यांवर धावत खाली आला. वरचा आवाज ऐकून मुलांनीही माना खाली घातल्या होत्या. तो एकेकाच्या कानाशी जाऊन "पुढच्या बाजूला आइसक्रीम आहे," असं म्हणत सुटला. पंचवीस मुलं आवाज न करता नाहीशी झाली. ग्लेनिस दारात उभी होती.

"आपल्याकडे कुठे आइसक्रीम आहे?"

"शोध," क्लाइव्ह म्हणाला, आणि पुन्हा वर धावला.

आता पिंपं. वजन कमी करायचं म्हणून त्याने रांगत रांगत आठही पिंपांची बुचं उघडली. पाणी भळाभळा बाहेर आलं. तेवढ्यात त्याला तीनही पुस्तकं एकदम आठवली. सोळाशे लिटर पाणी पिंपांतून निघून जात कुठे होतं, तर भिंतीच्या पाठच्या मातीत! तो बुचं परत लावायला धावला. पहिलं बूच सापडलं, दुसरं चिखलात गेलं. फळ्यांच्या फटींतून पाण्याच्या चिळकांड्या त्याच्याच अंगणात उडायला लागल्या. क्लाइव्हने डोकं दोन्ही हातांत धरलं. वर फालेनिको आता थेट बायबलातल्या नोहाच्या मुलांची नावं घेत होता.

आणि पिंपं हलकी झाली म्हटल्यावर वाऱ्याने मांडव उचलला. आधी एक कोपरा, मग दुसरा, मग सगळा मांडव आठ रिकाम्या पिंपांसकट अंगणावरून उठला, कुंपणावरून गेला आणि पिंपं बडवत रस्त्याने उताराला लागला.

"आमेन!" फालेनिको ओरडला.

सत्तर माणसं मांडवामागे धावली. काका पुढे, आत्याबाई मागे, पाळक मध्ये. दोन मिनिटांत वरच्या अंगणात एक माणूस उरला नाही. मांडव खालच्या बसथांब्यावर सापडला, फाटलेला. पाळकांनी चर्चचं सभागृह उघडून दिलं आणि सगळी वरात ताटंवाट्या घेऊन तिकडे गेली.

मागे राहिले दोघंच. ओल्या भिंतीसमोर उभे राहून त्यांनी तिला शिडी टेकू म्हणून लावली, कपडे वाळत घालायचा खांब लावला, खुराड्याचं दार लावलं. मालियाच्या एकविसाव्याचं आपण काय करून ठेवलं हे दोघांनाही माहीत होतं.

"बाबा, केक न्यायला आलेय," वरून आवाज आला. मुकुट काखेत मारून मालिया कडेला उभी होती. "काय चाललंय? शिडी कशाला लावलीय?"

"मागे हो!" दोघं एकदम ओरडले. मग फालेनिकोने सांगितलं, आणि क्लाइव्हने सांगितलं. साठ. सत्तर. दोघांच्याही माना प्रार्थनेला असतात तशा खाली होत्या.

मालिया हसायला लागली. हसता हसता ती कडेवर बसली, पाय भिंतीवरून खाली सोडून. क्लाइव्हला ते बघवेना.

"अहो, त्यासाठी मांडव उडवलात? खांब खडकात बसलेत तुमचे! पुस्तिकेतलं माप मातीसाठी असतं. मी फोटो नेऊन आमच्या सरांना दाखवले, हिशेब करून घेतला. बाबांचे ठीक आहेत, काकांचे तर त्याहून पक्के. पिंपं, फ्रीझर, चारी काका, सगळं धरून. नाहीतर मी त्या कडेला नाचले असते का?"

"पण बुडबुडा..." क्लाइव्ह म्हणाला.

"ती पाणसळ उलटी धरून बघा."

क्लाइव्हने उलटी धरली. बुडबुडा दुसऱ्या बाजूला तेवढाच सरकला. पाणसळच वाकडी होती. तो चिखलात खाली बसला. फालेनिको मोठ्याने हसला, मुलीकडे बघून, आभाळाकडे बघून, आणि त्याने भिंतीवर अशी थाप मारली की टेकूची शिडी पडली.

"माहीत होतं, तर सांगायचंस ना गं!" क्लाइव्ह म्हणाला. "पण तुला कळलं कसं? कुणीच नव्हतं."

"मी पाहिलं ना, वरच्या खिडकीतून. बाबांचंही आणि तुमचंही. तुम्ही तर करवत पाठीमागे लपवून आधी चारी बाजूंना..." मालिया बोलता बोलता थांबली.

फालेनिकोचं हसूही थांबलं होतं.

"क्लाइव्हने रविवारी खणलं," तो सावकाश म्हणाला. "सकाळी."

मालियाने मुकुट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"उपासनेच्या वेळी. दोन रविवार. दोन्ही रविवारी तुझं पोट दुखत होतं. तुझ्या आईने तुझ्यासाठी चर्चमध्ये सगळ्यांना प्रार्थना करायला लावली होती."

मालियाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते क्लाइव्हने लगेच ओळखलं. पाच आठवडे रोज दाढी करताना त्याने आरशात तेच पाहिलं होतं. त्याला तिची फार दया आली, आणि आता आयुष्यात पुन्हा खोटं बोलायचं नाही असं जे त्याने दहा मिनिटांपूर्वी ठरवलं होतं, ते त्याने बाजूला ठेवलं.

"रविवारी नाही रे," तो म्हणाला. "कापायचं काम मी सोमवारी केलं. ऑक्टोबरात कामगार दिनाची सुट्टी होती ना, त्या सोमवारी."

"कामगार दिनाला तू आणि ग्लेनिस तिच्या बहिणीकडे गेला होतात," फालेनिको म्हणाला. "तुमच्या कोंबड्यांना दाणे मी घातले."

वाऱ्याने खुराड्याचं दार खाली पाडलं. कुणी उचललं नाही. फालेनिकोने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा शेजाऱ्याकडे, आणि एकदा स्वतःच्या सहा खांबांकडे. मग त्याने मोठा श्वास घेतला.

"उद्या रविवार आहे," तो म्हणाला. "सकाळी नऊ वाजता. आपण तिघंही. पहिल्या बाकावर. आणि मी उभा राहून साठचं सांगणार, मग तुम्ही तुमचं सांगायचं." एवढं बोलून तो केक आणायला आत गेला.

क्लाइव्ह चिखलातून उठला. भिंतीची भीती आता राहिली नव्हती, पण पोटातली जागा काही रिकामी झाली नव्हती. आयुष्यात तो फक्त लग्नाला आणि अंत्यविधीला चर्चमध्ये गेला होता. त्याने मान वर करून हळूच विचारलं, "मालिया, तुमच्याकडे प्रार्थना साधारण केवढी असते गं?"

मालिया अजून दाराकडेच बघत होती.

"आज बाबांनी केली ना, काका?" ती म्हणाली. "ती छोटी."